कोबुर्गच्या ढालीवरील संत मॉरिस : प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२५

जर्मन नगरचिन्हांची मराठी वाचकांना ओळख करून देणाऱ्या मालिकेतील म्युनिक आणि कोलोन या दोन शहरांच्या नोंदी संपादनासाठी गेल्या असून आजपासून कोबुर्गच्या नोंदीचे काम हाती घेतले आहे. कोबुर्ग हे बव्हेरियाच्या उत्तर टोकाला इत्झ नदीच्या काठी वसलेले सुमारे ४१,००० वस्तीचे शहर आहे. त्याचे चिन्ह पाहायला अगदी साधे आहे : सोनेरी ढाल आणि तिच्यावर एका कृष्णवर्णीय पुरुषाचे बाजूने दिसणारे मस्तक. कानात सोन्याचे वलय, ओठ लाल आणि केस कुरळे. ढालीवर याखेरीज काहीही नाही.

कोलोनच्या नोंदीला तुलनेने कमी श्रम पडले होते. तेथील तीन मुकुट हे बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन ज्ञानी राजांचे. त्यांच्या अस्थी ११६४ मध्ये मिलानहून कोलोनला आणल्या गेल्या, आणि खालचे अकरा काळे थेंब संत उर्सुला व तिच्या सहचरींची आठवण देतात. एवढे सांगितले की वाचकाचे समाधान होते. कोबुर्गच्या बाबतीत ‘हे मस्तक शहराचे पालक संत मॉरिस यांचे आहे’ हे वाक्य बरोबर आहे, पण ते लिहून पुढे जाता येत नाही. हेच चिन्ह १९३४ मध्ये नाझींनी हटवले आणि हेच चिन्ह २०२० मध्ये वर्णद्वेषी ठरवून हटवण्याची मागणी झाली. या दोन घटना एकाच नोंदीत, एकमेकींना खोडून न काढता, कशा बसवायच्या हाच या कामातला खरा प्रश्न आहे.

७ ऑगस्ट

प्रथम चिन्हशास्त्राच्या (हेराल्ड्रीच्या, म्हणजे ढालींवरील चिन्हांच्या शास्त्राच्या) नियमांची बाजू नक्की केली. युरोपीय चिन्हशास्त्रात सोने आणि चांदी हे दोन धातू, तर लाल, निळा, हिरवा व काळा हे मुख्य रंग मानले जातात. धातूवर धातू किंवा रंगावर रंग ठेवू नये, हा मूळ संकेत. रणधुमाळीत दुरून ढाल ओळखू यावी, हे त्यामागचे व्यावहारिक कारण सांगितले जाते. सोन्यावर काळे हा तर सर्वांत ठळक दिसणाऱ्या जोड्यांपैकी एक. त्यामुळे कोबुर्गची ढाल नियमाला धरून आहे, आणि काळ्या मस्तकामागे सोनेरी पृष्ठभाग असण्याला वेगळा गूढ अर्थ शोधत बसण्याचे कारण नाही. ‘सोने म्हणजे औदार्य, काळा म्हणजे शोक’ अशा धर्तीची कोष्टके लोकप्रिय पुस्तकांत पुष्कळ आढळतात. ती बहुतांशी नंतरच्या काळात रचली गेली असल्यामुळे आपल्या नोंदीत घेणार नाही.

उजवे-डावे ढाल धरणाऱ्याच्या बाजूने मोजतात. म्हणून मस्तक उजवीकडे पाहत आहे असे वर्णनात येते, आणि ते पाहणाऱ्याला मात्र डावीकडे वळलेले दिसते. चित्राखालच्या ओळीत हे स्पष्ट केले नाही, तर वाचक आपलीच चूक झाली असे समजेल.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की, चिन्हशास्त्रात प्रमाण मानले जाते ते शब्दांतले वर्णन. नाक किती मोठे, ओठ किती जाड, केसांची वळणे कशी, हे सारे त्या त्या काळातला चित्रकार ठरवतो, आणि वर्णन पाळले गेले असेल तर त्यातले प्रत्येक चित्र तितकेच वैध असते. हा मुद्दा पुढे फार उपयोगी पडणार आहे, म्हणून तो आताच नोंदवून ठेवतो.

आमच्या छापील आवृत्तीत रंग नसतील. त्यासाठी जेझुइट पंथातील सिल्वेस्टर पेत्रा सांक्ता यांच्या १६३८ मधील ग्रंथामुळे रूढ झालेली पद्धत वापरावी, असे चित्रकार सहकाऱ्यांशी बोलून ठरले. या पद्धतीत सोने ठिपक्यांनी दाखवतात, चांदी कोरी सोडतात, लाल उभ्या रेषांनी, निळा आडव्या रेषांनी आणि काळा उभ्या-आडव्या रेषांच्या जाळीने दाखवतात. मात्र चेहऱ्यावर जाळी ओढली तर नाक-डोळे बुजून जातात. तेव्हा मस्तक भरीव काळे ठेवून फक्त पार्श्वभूमीला ठिपके द्यायचे.

१२ ऑगस्ट

आज संत मॉरिस यांच्या आख्यायिकेचा भाग लिहून झाला. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस, रोमन सम्राट मॅक्सिमियनच्या सैन्यात वरच्या इजिप्तमधील थेब्स प्रदेशातून आलेली एक ख्रिस्ती तुकडी होती आणि मॉरिस तिचा नायक होता. सहधर्मीयांवर हत्यार उचलण्यास तुकडीने नकार दिला. तेव्हा सम्राटाने दर दहांमधला एक सैनिक मारण्याची आज्ञा दिली, ती पुन्हा दिली, आणि तरीही कोणी बधत नाही असे पाहून सगळ्यांची कत्तल करवली. हे घडले ते ठिकाण म्हणजे अगाउनम, आजच्या स्वित्झर्लंडमधील व्हॅले प्रांतातले सेंट मॉरिस. ही कथा आपल्यापर्यंत येते ती पाचव्या शतकातील लियोंचे बिशप युकेरियस यांच्या वृत्तांतातून, म्हणजे घटनेनंतर दीडशे वर्षांनी. संपूर्ण तुकडीच्या कत्तलीबद्दल इतिहासकार साशंक आहेत, हे एका वाक्यात सांगून पुढे जायचे. नगरचिन्हाच्या दृष्टीने ती घडली की नाही यापेक्षा ती मानली गेली हे पुरेसे आहे.

आता वर्णाचा प्रश्न. युकेरियस ही तुकडी पूर्वेकडून आली असे सांगतात. त्वचेच्या रंगाविषयी ते बोलत नाहीत. पुढची कित्येक शतके युरोपीय चित्रांत मॉरिस गोराच दिसतो. पुढे सम्राट झालेला जर्मन राजा ओटो पहिला याने ९३७ मध्ये माग्डेबुर्गला या संताच्या नावाने मठ स्थापला, ९६१ मध्ये तेथे त्याचे अवशेष आणले गेले आणि ९६८ मध्ये माग्डेबुर्ग आर्चबिशपचे पीठ झाले. मॉरिस अशा रीतीने पवित्र रोमन साम्राज्याचा, म्हणजे मध्ययुगीन जर्मन साम्राज्याचा, रक्षक संत बनला, तरीही त्याचा चेहरा अद्याप बदललेला नव्हता. १२०७ च्या आगीत तेथील जुने कॅथीड्रल जळाले, नवे बांधले जाऊ लागले, आणि या नव्या वास्तूत १२४० ते १२५० च्या सुमारास घडवलेल्या वालुकाश्माच्या पुतळ्यात मॉरिस प्रथमच स्पष्टपणे आफ्रिकी पुरुष म्हणून उभा राहिला.

या पुतळ्याची छायाचित्रे आज बराच वेळ पाहिली. डोक्यावरून खांद्यापर्यंत उतरलेली कड्यांची जाळीदार टोपी चेहऱ्याभोवती घट्ट बसलेली आहे. अंगात कड्यांचे चिलखत, आणि त्यावर आतून पोलादी पट्ट्या जडवलेला अंगरखा. पट्ट्या पक्क्या करणाऱ्या खिळ्यांची डोकी छातीवर ओळीने दिसतात. गुडघ्यांखालचे पाय तुटलेले आहेत. हातातला भाला हरवला आहे, पण मूठ तो धरल्यासारखीच वळलेली आहे. चेहऱ्यावरचा गडद रंग टिकून आहे. शिल्पकाराने या चेहऱ्यात कुठेही विनोद किंवा अतिशयोक्ती केलेली नाही. समोर उभा आहे तो एक थकलेला, दक्ष, विशिष्ट माणूस. कोबुर्गच्या ढालीचा विचार करताना तुलनेसाठी हाच पुतळा धरावा, असे माझे मत बनत चालले आहे.

मॉरिस काळा का झाला याला एकच उत्तर नाही. मॉरिशियस हे लॅटिन नाव आणि उत्तर आफ्रिकेतील रहिवाशांना लावला जाणारा ‘मूर’ हा शब्द यांचे नाते उघड आहे. सर्व दिशांचे लोक आपल्या छत्राखाली आहेत, असे मिरवणाऱ्या सम्राट फ्रेडरिक दुसरा याच्या राजकीय कल्पनेशीही काही अभ्यासक त्याचा संबंध जोडतात. नोंदीत दोन्ही कारणे द्यायची.

१४ ऑगस्ट

जर्मन चित्रकार ग्र्युनेवाल्ड यांचे बिशप संत इरॅस्मस व संत मॉरिस यांच्या भेटीचे १५२० च्या दशकातील चित्र म्युनिकच्या आल्टे पिनाकोथेक संग्रहालयात आहे. त्यात लखलखीत रुपेरी चिलखत घातलेला काळा मॉरिस बिशपशी बरोबरीच्या नात्याने बोलत आहे. माग्डेबुर्गनंतर जवळपास पावणेतीनशे वर्षांनीही जर्मन भूमीत ही प्रतिमा सन्मानाचीच होती, याचा हा पुरावा. संदर्भचित्र म्हणून घ्यावे.

१९ ऑगस्ट

कोबुर्गशी या संताचा संबंध तेथील मोरित्सकिर्श या मुख्य चर्चमुळे आहे. दोन असमान उंचीच्या मनोऱ्यांचे हे चर्च मॉरिस यांच्याच नावाचे आहे. १३५३ मध्ये कोबुर्ग हेनेबर्ग घराण्याच्या वारशातून सॅक्सनीच्या वेटिन घराण्याकडे आले, आणि मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून मॉरिस शहराचे पालक मानले गेले.

येथे एक गमतीचा पेच आहे, आणि माझ्या मते नोंदीतला हा सर्वांत कमी सांगितला जाणारा भाग आहे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातच कोबुर्ग धर्मसुधारक मार्टिन लूथर यांच्या प्रोटेस्टंट पंथाचे झाले. १५३० मध्ये आउग्सबुर्ग येथे साम्राज्यसभा भरली तेव्हा लूथरवर साम्राज्याची बंदी होती, आणि संरक्षण देणाऱ्या सॅक्सनीच्या इलेक्टरच्या (सम्राट निवडण्याचा हक्क असलेल्या राजाच्या) मुलखाबाहेर पाऊल टाकणे त्यांना धोक्याचे होते. म्हणून एप्रिल ते ऑक्टोबर असे सुमारे साडेपाच महिने ते त्या मुलखाच्या दक्षिण टोकावरच्या फेस्टे कोबुर्ग या गडावर राहिले. त्या ईस्टरला त्यांनी मोरित्सकिर्शमध्ये प्रवचनेही दिली. संतांची आराधना नाकारणारा उपदेशक संत मॉरिस यांच्याच नावाच्या चर्चमध्ये बोलत होता! नव्या पंथात संताला नवस बोलणे बंद झाले, त्याचा उत्सव मागे पडला, पण मस्तक राहिले. कारण तोवर ते पूजेच्या वस्तूपेक्षा शहराच्या सहीसारखे झाले होते.

मात्र याच प्रवासात संताच्या सगळ्या खुणा गळून पडल्या, असे मला वाटते. प्रभावळ गेली, चिलखत गेले, भाला गेला. उरले ते केवळ मस्तक, आणि कानात आले सोन्याचे वलय. ज्याला कथा ठाऊक आहे त्याला आजही तेथे हुतात्मा दिसतो. ज्याला ठाऊक नाही त्याला ‘मूर’ दिसतो. शहरातही बोलताना त्याला बहुतेक वेळा संत न म्हणता कोबुर्गचा मूरच म्हणतात.

२३ ऑगस्ट

‘बव्हेरियातील सगळी काळी मस्तके संत मॉरिस यांची’ असा समज वाचकाचा होऊ नये म्हणून फ्रायझिंगचा परिच्छेद जोडला. फ्रायझिंगच्या बिशपांच्या चिन्हात मुकुट घातलेले कृष्णवर्णीय मस्तक १३१६ पासून, बिशप कोनराड तिसरे यांच्या काळापासून आढळते. त्याचा उगम निश्चित सांगता येत नाही आणि त्याचा मॉरिस यांच्याशी संबंध जोडायला आधार नाही. १८०३ मध्ये हे धर्मपीठाचे राज्य खालसा झाले, तरी त्याच्या जुन्या मुलखातील इस्मानिंगसारख्या गावांनी आणि गार्मिश-पार्टेनकिर्शन जिल्ह्याने ते मस्तक आपल्या चिन्हात ठेवले आहे. तेथे त्याचा अर्थ ‘आम्ही एके काळी फ्रायझिंगच्या बिशपांची प्रजा होतो’ इतकाच होतो. १९७७ ते १९८२ या काळात म्युनिक-फ्रायझिंगचे आर्चबिशप असलेले योसेफ रात्सिंगर २००५ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे झाले, तेव्हा त्यांनी हेच मस्तक आपल्या पोपपदाच्या चिन्हात घेतले. डॅन्यूबकाठच्या लाउइंगेनच्या चिन्हातही मुकुटधारी मूर आहे आणि त्याची स्थानिक दंतकथा आणखी निराळी आहे. तिच्यात शिरण्याची गरज नाही.

२८ ऑगस्ट

नाझी काळाचा भाग लिहिला. क्रम असा लावला आहे. कोबुर्ग हे जुन्या सॅक्स-कोबुर्ग-गोथा संस्थानाचे एक राजधानीचे शहर. राणी व्हिक्टोरियाचे पती अल्बर्ट यांचा जन्म १८१९ मध्ये शेजारच्या रोझेनाऊ वाड्यातला. पहिल्या महायुद्धानंतर संस्थान गेले, आणि ३० नोव्हेंबर १९१९ च्या जनमतात थुरिंगिया या शेजारच्या राज्यात सामील होण्यास मोठ्या बहुमताने नकार मिळाल्यावर १ जुलै १९२० रोजी कोबुर्ग बव्हेरियात आले. ऑक्टोबर १९२२ मध्ये ‘जर्मन दिन’ या मेळाव्यासाठी हिटलर आपल्या शेकडो वादळी सैनिकांसह (पक्षाच्या निमलष्करी दलासह) खास रेल्वेगाडीने कोबुर्गला आला आणि रस्त्यांवर मारामाऱ्या झाल्या. पक्षाने पुढे या प्रसंगाची दंतकथा केली आणि त्यात भाग घेतलेल्यांसाठी १९३२ मध्ये ‘कोबुर्ग बिल्ला’ काढला. २३ जून १९२९ च्या निवडणुकीत येथील नगरपरिषदेच्या २५ पैकी १३ जागा नाझी पक्षाला मिळाल्या. स्पष्ट बहुमताने त्या पक्षाच्या हाती गेलेले हे जर्मनीतील पहिले शहर.

नगरचिन्ह मात्र १९३४ मध्ये बदलले गेले. ज्या संताचा वर्णच पक्षाच्या वंशसिद्धान्ताला खटकणारा होता, त्याच्या मस्तकाखाली त्या पक्षाने बहुमत मिळाल्यावरही साडेचार-पाच वर्षे शहराचा कारभार केला! १९३४ मध्ये मात्र मस्तक काढून तेथे तलवार आली आणि तलवारीच्या मुठीच्या टोकावर नाझी स्वस्तिक बसवले गेले. तलवार आणि स्वस्तिक हीच जोडी दोन वर्षांपूर्वीच्या कोबुर्ग बिल्ल्यावरही होती. म्हणजे शहराच्या शतकानुशतकांच्या आठवणीच्या जागी पक्षाच्या एका मेळाव्याची आठवण ढालीवर चढवली गेली. १९४५ मध्ये राजवट कोसळल्यावर मस्तक परत आले.

१ सप्टेंबर

१९३४ ची ढाल चित्रात दाखवायची का, यावर संपादिकाबाईंशी चर्चा झाली. जर्मन दंडसंहितेच्या ८६अ कलमानुसार नाझी चिन्हांचा सार्वजनिक वापर हा गुन्हा आहे. इतिहास, संशोधन व शिक्षण यांना सवलत आहे. आमची नोंद त्या सवलतीत बसली असती. तरीही चित्र नको असे ठरले, आणि कारण कायद्याचे नाही. उंबरठ्यावर, वहीखात्यावर आणि लग्नपत्रिकेवर स्वस्तिक पाहणाऱ्या वाचकासमोर ते तलवारीच्या मुठीवर नेऊन ठेवले, तर पानावरचे सगळे लक्ष त्या आकृतीवर जाईल आणि स्वस्तिकाच्या दिशेची, कोनाची नेहमीची चर्चा सुरू होईल. नोंद ज्या मस्तकाविषयी आहे ते बाजूलाच राहील. बदललेल्या ढालीचे वर्णन शब्दांत द्यायचे आणि तेथे प्रत्येक वेळी ‘नाझी स्वस्तिक’ असाच उल्लेख ठेवायचा.

५ सप्टेंबर

आजचा परिच्छेद सर्वांत अवघड होता. मे २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाल्यानंतर जर्मनीतही वसाहतकालीन व वर्णद्वेषी खुणांची चर्चा पेटली, आणि त्याच उन्हाळ्यात कोबुर्गचे चिन्ह बदलावे अशी ऑनलाइन याचिका निघाली. जाड लाल ओठ, कानातले वलय, कुरळे केस ही आफ्रिकी माणसाची साचेबंद प्रतिमा आहे, असे याचिकेमागचे म्हणणे. चिन्ह टिकावे म्हणून लगोलग प्रतियाचिका निघाली. चिन्ह बदलले गेले नाही.

चिन्ह टिकवण्याच्या बाजूचा नेहमीचा युक्तिवाद असा असतो की, हे पूज्य संताचे चित्र आहे, नाझींनी ते काळ्या माणसाचे म्हणूनच हटवले, तेव्हा आज ते हटवणे म्हणजे नाझींचेच काम पुरे करणे होय. हा युक्तिवाद वजनदार आहे, परंतु तो विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. १९३४ मध्ये आक्षेप होता तो ढालीवर कृष्णवर्णीय माणूस असण्यालाच. २०२० मध्ये आक्षेप होता तो कृष्णवर्णीय माणूस कसा काढला आहे याला. नाझींना एखादी गोष्ट नकोशी होती, म्हणून तिच्यातला प्रत्येक तपशील निर्दोष ठरत नाही. उलट बाजूने, ओठ आणि वलय आक्षेपार्ह ठरले म्हणून संतही आक्षेपार्ह ठरत नाही. माग्डेबुर्गचा पुतळा पाहिला की तेराव्या शतकातल्या कारागिराला या साच्याची गरज वाटली नव्हती हे कळते.

७ ऑगस्टला नोंदवलेला मुद्दा येथे कामी येतो. सोनेरी ढाल आणि तिच्यावर मॉरिस यांचे काळे मस्तक, हा सांगाडा तसाच ठेवून रेखाटन नव्याने करणे चिन्हशास्त्राला पूर्णपणे मान्य आहे. युरोपातील शहरे आपल्या चिन्हांची रेखाटने दर काही पिढ्यांनी बदलतच आली आहेत. ‘राहू द्या’ आणि ‘काढून टाका’ यांच्या गलबल्यात हा तिसरा मार्ग फारसा कोणी चाचपला नाही, याचे मला आश्चर्य वाटते. नोंदीत हे मत लेखकाचे म्हणून, वेगळ्या परिच्छेदात देण्यास संपादिकाबाईंनी संमती दिली आहे.

९ सप्टेंबर

चिन्ह शहराच्या रोजच्या जगण्यात कसे मुरले आहे, याचे दोन तपशील घेतले. एक म्हणजे रस्त्यांवरची मॅनहोलची लोखंडी झाकणे : त्यांच्यावर मधोमध हेच मस्तक उठवलेले आहे आणि लोक त्यावरून ये-जा करतात. संताचे मस्तक पायाखाली येणे आपल्याकडे कोणालाही खपले नसते. तेथे मात्र ही महापालिकेची मालमत्ता असल्याची खूण आहे.

दुसरा तपशील जास्त रंजक आहे. बाजारचौकातील नगरभवनाच्या शिखरावर चिलखतातील मॉरिस यांची पूर्णाकृती मूर्ती उभी असून तिच्या हातात एक दंड आहे. समोरच्या चौकात पाइनच्या सुक्या शंकूंच्या धगीवर कोबुर्गची प्रसिद्ध लांब सॉसेजे भाजली जातात, आणि तो दंड म्हणजे सॉसेजच्या लांबीचे अधिकृत माप, असे गावकरी सांगतात. या मूर्तीला त्यांनी ‘ब्राटवुर्स्टमेनला’, म्हणजे सॉसेजवाला, असे लाडके नाव दिले आहे. सेनानायकाचा दंड खाटकाच्या मोजपट्टीसाठी कामाला लावणाऱ्या या विनोदात संताविषयी दुरावा अजिबात नाही. ढालीवर केवळ मस्तक उरले असले, तरी नगरभवनाच्या माथ्यावर अखंड मॉरिस अजून पहारा देतो, हेही वाचकाला यातून कळते.

१२ सप्टेंबर

कायद्याची बाजू पूर्ण केली. बव्हेरियाच्या ग्रामपालिका-नगरपालिका कायद्याच्या चौथ्या कलमानुसार प्रत्येक पालिकेला आपले ऐतिहासिक चिन्ह वापरण्याचा हक्क आहे. चिन्ह बदलायचे किंवा नवे घ्यायचे असेल, तर राज्य अभिलेखागारांच्या महासंचालनालयाचा सल्ला घेणे तिच्यावर बंधनकारक आहे. तो सल्ला मानायचा नसेल तर मसुदा देखरेख करणाऱ्या वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवावा लागतो. म्हणजे याचिकेवर कितीही सह्या झाल्या तरी निर्णय नगरपरिषदेचा, आणि तोही अभिलेखागाराच्या मतानंतरचा.

चित्रकार सहकाऱ्यांनी ढालीचे अंतिम रेखाटन दिले. शहराच्या प्रचलित चिन्हाशी ते प्रामाणिक आहे, त्यात आम्ही सुधारणा केलेली नाही, आणि शेजारी त्याच आकारात माग्डेबुर्गच्या पुतळ्याचा चेहरा छापला जाईल. चित्राखालची ओळ अशी ठरली : ‘कोबुर्ग. सोन्यावर काळे, ढालीच्या उजवीकडे पाहणारे संत मॉरिस यांचे मस्तक. १९३४ ते १९४५ या काळात हटवलेले, सध्या प्रचलित.’ उद्या मजकूर मुद्रितशोधनासाठी जाईल. पुढची नोंद ब्रेमेनच्या ढालीवरील संत पीटर यांच्या किल्लीची.